कानमोजणी

आमच्या केंद्राला श्रोते किती, हा प्रश्न त्रेसष्ट वर्षं कुणी विचारला नव्हता, आणि त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

विचारणार तरी कसा? नभोवाणी हा सगळा एकतर्फी मामला. आम्ही मनोऱ्यावरून आवाज सोडतो, तो माळावरून, बाभळींवरून, पत्र्याच्या छपरांवरून जिकडे जायचा तिकडे जातो. कुणी रेडिओ लावला आणि कुणी नाही, आम्हाला पत्ता लागत नाही. वर्षाला दोन-अडीचशे पत्रं यायची आणि त्यांतली निम्मी त्याच सात माणसांची असायची. त्या सात जणांच्या जोरावर आम्ही दिल्लीला दरसाल 'लक्षावधी श्रोते' असं कळवत होतो. दिल्लीही ते पुढे कुणाला तरी कळवत असणार.

माझं नाव इरफान मुजावर. माणदेशातल्या या मध्यम लहरींच्या केंद्रावर मी एकोणीस वर्षं अभियंता आहे. आवाज स्वच्छ बाहेर गेला पाहिजे एवढं माझं काम. तो कुणाच्या कानात पडतो याच्याशी माझा संबंध नव्हता. २०३४ च्या जानेवारीत तो आला.

यंत्राचं सरकारी नाव 'श्रोतृगणन प्रणाली'. पहिल्याच दिवशी आम्ही तिला कानमोजणी म्हणायला लागलो. तिच्यामागचं शास्त्र सांगतो, फार अवघड नाही.

रेडिओ नुसता ऐकतो असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. हवं ते केंद्र पकडायला रेडिओच्या पोटात एक लहानसा कंपक असतो. तो स्वतःची एक लहर तयार करतो, ती बाहेरून आलेल्या लहरीत मिसळते आणि त्या मिश्रणातून आवाज वेगळा काढला जातो. ही आतली लहर थोडीशी बाहेर गळते. म्हणजे चालू असलेला प्रत्येक रेडिओ स्वतःशी काहीतरी पुटपुटत असतो, आणि काय पुटपुटायचं ते त्यावर कोणतं केंद्र लावलंय त्यावरून ठरतं. ही गळती आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होती. पण पाच-पंचवीस पावलांपलीकडे ती पकडता येत नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग कुणाला तरी काचेच्या कुपीतल्या रुबिडियमच्या वाफेचा उपयोग सुचला. त्या वाफेवर दोन ठरावीक रंगांचे लेसर सोडले की तिचे अणू हजारो पटींनी फुगतात, आणि असा फुगलेला अणू फार हळवा होतो. अतिशय क्षीण लहरीनंही तो हलतो आणि त्याचं हलणं लेसरमध्ये दिसतं. अशा कुप्या माळावर तीन ठिकाणी बसवल्या आणि तासभर मुकाट्यानं ऐकत राहिलं, की साठ किलोमीटरच्या टापूतले रेडिओ एकेक करून मोजता येतात. कोणता कुठे आहे, हेही दहा-वीस पावलांच्या फरकानं कळतं. शिवाय प्रत्येक रेडिओच्या कंपकाची चाल थोडी वेगळी असते. एकदा ओळख पटली की तोच रेडिओ पुन्हा लागला किंवा बंद झाला, तर अर्ध्या मिनिटात पडद्यावर दिसतं.

यंत्राबरोबर परिपत्रक आलं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारच्या सभेला, म्हणजे दुपारच्या प्रसारणाला, सरासरी पाचशे संच लागले, तर केंद्र चालू राहील. नाही लागले, तर आमच्या मनोऱ्यावरून दिल्लीचा कार्यक्रम संगणकानं केलेल्या मराठी भाषांतरात जाईल आणि आम्हा नऊ जणांना जिथे जागा असेल तिथे पाठवलं जाईल. आणि शेवटी ठळक अक्षरात, 'श्रोत्यांना या गणनेची कल्पना देऊ नये, अन्यथा नमुना दूषित होईल.'

पहिल्या दिवशी आकडा आला तीनशे बारा.

"तीनशे बारा?" जयमाला तोडकर म्हणाली. "एवढी माणसं तर माझ्या दिराच्या लग्नात पहिल्या पंगतीला होती."

जयमाला आमची उद्घोषिका. वय पन्नास, आवाज तिशीतला. दुपारी एक ते दोन 'दुपारचा विसावा' ती करायची. दोन-तीन गाणी, एखाद-दुसरं पत्र, पिकांवरची फवारणी, गुडघेदुखीवर डॉक्टरांचे चार शब्द, बाजारभाव आणि पुन्हा गाणी. रविवार सोडला तर बावीस वर्षांत तिनं हा तास फारसा चुकवलेला नव्हता.

"यंत्र संच मोजतं, माणसं नाही," मी सांगितलं.

"मग हे यंत्र आंधळंच की. आमच्याकडं श्रोता संघ आहेत, मुजावर. देवळापुढं एक रेडिओ ठेवतात आणि चाळीस माणसं गोल बसतात. ज्याच्या घरी स्वतःचा आहे तोही घरचा बंद करून तिथं येतो. एकट्यानं ऐकणं बरं दिसत नाही म्हणून."

हे खरं होतं. माणदेशातली ही जुनी रीत आम्हीच लावलेली. साठ वर्षांपूर्वी गावाला एक रेडिओ असायचा तेव्हाची. पुढे घरोघरी संच आले, पण रीत काही मोडली नाही. जयमालानं तसं पत्र दिल्लीला पाठवलं. उत्तर आलं की प्रत्येक संचामागे एक पूर्णांक चार श्रोते धरण्यात आलेले आहेत, त्यात बदल करता येणार नाही. "पॉइंट चार श्रोता कसा दिसतो ते विचारा," ती म्हणाली. मी विचारलं नाही.

यंत्राचा नकाशा फक्त अभियंत्यानं बघायचा होता. मी तो जयमालाला दाखवला. ही चूक माझी, आणि ती मी केवळ यंत्राची मिजास दाखवायला केली. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिचा कार्यक्रम संपल्यावर ती नियंत्रण कक्षात चहा घेऊन आली. पडद्यावर काळ्या माळावर पिवळे ठिपके होते.

"आमच्या गावाकडं सरकवा बघू," ती म्हणाली.

तिचं गाव तळेगुंडी, केंद्रापासून अठ्ठावीस किलोमीटर. चोवीस वर्षांपूर्वी तिनं घरच्यांना न विचारता शिरीष तोडकरशी लग्न केलं. जात वेगळी होती. तिचे वडील, सिद्राम जाविर, सगळ्यांचे आबा, यांनी गावात सांगून टाकलं की मला एकच मुलगा आहे. त्यानंतर ते तिच्याशी बोललेले नव्हते. आई गेली तेव्हा जयमाला वस्तीवर गेली होती. आबा तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत उभे राहिले, आणि ती उंबऱ्याबाहेरूनच परत आली. हे केंद्रावर सगळ्यांना माहीत होतं. तीच सांगायची, एखाद्या दुसऱ्या बाईची गोष्ट सांगावी तशी.

नकाशावर तळेगुंडी आलं. देवळापुढे एक ठिपका होता, शाळेजवळ एक. आणि गावापासून दोन किलोमीटर दूर, शेतात, एकटा एक.

जयमालानं चहा खाली ठेवला.

"ही आमची वस्ती इकडं राहिली," ती बोट लावून म्हणाली. "आणि हे... ही विहीर. मोटारीची खोली. तिथं कोण रेडिओ लावतंय?"

मी त्या ठिपक्याची मागची नोंद काढली. तीन आठवडे, रोज दुपारी एकला चालू आणि दोनला बंद. रविवारी नाही. रविवारी तिची सुट्टी असते.

ती फोन घेऊन बाहेर गेली आणि तिच्या भावजयीला, कमलवहिनींना, फोन लावला. त्या दोघी सणासुदीला एकमेकींशी चोरून बोलायच्या. खिडकी उघडी होती, मला ऐकू येत होतं.

"वहिनी, दुपारी विहिरीवर कोण असतं?"

परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. "आबाच असतात. जेवण झालं की जातात. मोटार तापते म्हणून रोज तासभर बंद ठेवतात म्हणे. दादा त्यावरून ओरडतो, पाणी कमी पडतं म्हणून. वहिनी म्हणाली, किती वर्षं झाली, ऐकतच नाहीत."

मोटार तापत नव्हती. मोटार चालू असली की मध्यम लहरींवर खरखर येते आणि आवाज नीट लागत नाही. हे मी तिला सांगितलं. मग मात्र ती खुर्चीत बसून रडली. एखाद्याला इतकं रडताना बघून मला आनंद व्हावा, असं आयुष्यात एकदाच घडलं.

त्यानंतरचा महिना ती एका माणसासाठी कार्यक्रम करत होती. बाकीच्या तीनशे अकरा जणांना ते कळलं नसेल, मला कळत होतं. विहिरीवर एकट्यानं बसणाऱ्यांनी उन्हाची कशी काळजी घ्यावी, यावर तिनं दोनदा डॉक्टरांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेल्यांच्या मोतीबिंदूवर एकदा. भजनं वाढली. पूर्वी ती बोलता बोलता अडखळली तर हसून पुढे जायची, आता अडखळेनाशी झाली. नातीला गेल्या वर्षी दहावीत किती टक्के मिळाले, हे तिनं एका श्रोत्याच्या नातीचं म्हणून सांगितलं. ती तिची स्वतःची मुलगी होती. बोलताना तिची नजर काचेतून माझ्या पडद्याकडे असायची. मी मान हलवायचो, म्हणजे ठिपका आहे.

एके दिवशी तिचे यजमान शिरीषराव डबा द्यायला आले आणि मला हळूच म्हणाले, "मुजावरसाहेब, ही हल्ली रेडिओवर कुणाशी बोलते हो? माझ्याशी तर अशी कधी बोलली नाही." त्यांना मी काय सांगणार? म्हटलं, नवीन धोरण आलंय.

मार्चची वीस तारीख आली. आकडा होता तीनशे चार.

उपाय सगळ्यांना दिसत होता. लोकांना सांगायचं की तुमचे रेडिओ मोजले जातायत, देवळापुढं जमा होऊ नका, ज्याचा त्यानं आपापला लावा. एवढ्या एका वाक्यात काम झालं असतं. परिपत्रकाची भीती होती, पण ती आम्हाला नऊ जणांना मिळून जेवढी वाटायला हवी तेवढी वाटत नव्हती. अडचण दुसरीच होती, आणि ती फक्त मला आणि जयमालाला ठाऊक होती.

"हे सांगितलं तर आबांनाही कळणार," ती म्हणाली.

"काय कळणार?"

"की मला कळलंय. ते सरळ आहेत हो, पण वेडे नाहीत. कोणता रेडिओ कुठं चालू आहे ते केंद्राला दिसतं म्हटल्यावर त्यांना दोन अधिक दोन करायला किती वेळ लागतोय? पोरीचं ऐकायला रोज मोटार बंद करून बसतो हे पोरीला माहीत झालं, असं त्यांच्या लक्षात आलं की त्याच क्षणी ते बंद करतील. मी ओळखते त्यांना. पुन्हा लावायचे नाहीत."

"मग नको सांगूस. बदली होईल, एवढंच ना?"

"बदली झाली तरी ते बंदच होणार की. माझा आवाजच नसेल."

म्हणजे दोन्हीकडून तेच. तरी ती आठवडाभर थांबली, आणि मला तिचं थांबणं समजत होतं. सांगितलं तर ठिपका उद्या जाणार होता, न सांगितलं तर तीन आठवड्यांनी. तीन आठवडे म्हणजे अठरा दुपारी. ती त्या अठरा दुपारींचा हिशेब करत होती, आणि पलीकडे आठ जणांची बिऱ्हाडं होती. आमच्या बागेचा माळी तर अडुसष्ट वर्षांच्या आईला घेऊन कुठे जाणार होता कोण जाणे. जयमालानं त्याच्याकडे बघणं टाळायला सुरुवात केली.

सत्तावीस तारखेला ती सकाळी लवकर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मुजावर, ते इतकी वर्षं चोरून ऐकत होते. ती त्यांची मर्जी होती. मी महिनाभर त्यांना चोरून बघतेय. ही कुणाची मर्जी? त्यांना विचारलं का मी? मी त्यांची मुलगी असून त्यांच्यावर पाळत ठेवून बसलेय, आणि वर त्यालाच माया म्हणतेय. मी आज सांगणार. केंद्रासाठी म्हणा, नाहीतर कशासाठी म्हणा."

मी नकाशा तिला दाखवला नसता तर यातलं काहीच झालं नसतं. ते मी तिला म्हणालोही. ती म्हणाली, "आता ते उगाळू नका. आवाजाचा फेडर तेवढा नीट सांभाळा."

एक वाजून दहा मिनिटांनी पहिलं गाणं संपलं. ती माईकजवळ सरकली.

"श्रोतेहो, एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवली होती, ती आज सांगते. आमच्या केंद्रावर एक यंत्र आलंय. तुमचा रेडिओ चालू असला की ते त्याला दिसतं. कुठं चालू आहे तेही दिसतं. तुमचं नाव दिसत नाही, घर दिसतं. पाचशे रेडिओ रोज लागले नाहीत तर हे केंद्र बंद होणार आहे. चाळीस जण एका रेडिओपुढं बसलात तर यंत्र एकच मोजतं. तेव्हा ज्याला जमेल त्यानं आपापला लावावा. आणि ज्यांना आपण ऐकतो हे कुणाला कळू नये असं वाटत असेल..." इथे ती थांबली. तीन सेकंद हवेत काहीच नव्हतं. रेडिओवर तीन सेकंद फार होतात. "त्यांनी मला माफ करावं. मी बघायला नको होतं."

मी पुढचं गाणं लावलं. आम्ही दोघेही पडद्याकडे बघत होतो. विहिरीवरचा ठिपका अर्धा मिनिट होता. मग तो गेला.

"गेला ना?" तिनं काचेपलीकडून विचारलं. मी मान हलवली. तिनं डोळे पुसले, चष्मा घातला आणि बाजारभावाचा कागद पुढे ओढला. डाळिंब, ज्वारी, शेळी, सगळं नेहमीच्या आवाजात वाचलं.

दुसऱ्या दिवशी आकडा सहाशे चाळीस झाला. तिसऱ्या दिवशी नऊशे. लोकांनी माळ्यावरचे, पेटीतले, सासऱ्याच्या लग्नातले रेडिओ काढले. काहींनी गोठ्यात लावले, काहींनी शेतात बांधावर टांगले, म्हणजे पाखरंही उडतील आणि केंद्रही वाचेल. एका गावानं ठराव करून दर घरामागे एक रेडिओ सक्तीचा केला. पंधरवडा संपायच्या आत आम्ही अकराशे नव्वदवर होतो, आणि त्यातले ऐकणारे किती आणि पाखरं हाकणारे किती, हे सांगायची सोय यंत्रात नव्हती. दिल्लीहून एकाच टपालात दोन पत्रं आली. एकात जयमालाचं अभिनंदन होतं, दुसऱ्यात कारणे दाखवा नोटीस. तिनं दोन्हींना एकाच अर्जात उत्तर दिलं.

विहिरीवर अंधारच होता. मी रोज बघायचो. ती बघत नसे. तिनं पडदा दुसऱ्या भिंतीकडे वळवून घ्यायला सांगितला होता. कार्यक्रम चांगला होत होता, अडखळली की हसायलाही लागली होती. पण गाणं लागलं की ती टेबलावर हात ठेवून नुसती बसून राहायची. केंद्र वाचलं होतं. माळी आम्हाला रोज चाफ्याची फुलं आणून द्यायचा. मला ती फुलं घ्यावीशी वाटत नसत.

बारा एप्रिलला, दुपारी दीड वाजता, तिचा फोन माझ्या टेबलावर वाजला. कार्यक्रमाच्या वेळी ती तो माझ्याकडे ठेवायची. कमलवहिनींचं नाव होतं. भर कार्यक्रमात त्या कधी फोन करत नसत, म्हणून मी घाबरलो. आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. गाणं नुकतंच सुरू झालं होतं, पाच मिनिटांचं. मी फोन घेऊन स्टुडिओत गेलो. तिनं तो टेबलावर ठेवून मोठ्यानं लावला.

"वन्सं, आबांचं जरा इचित्रच चाललंय," वहिनी म्हणाल्या. मागे गिरणीचा आवाज होता.

"काय झालं? दवाखान्यात नेलं का?"

"दवाखाना कशाला? धडधाकट हायेत. आवं, गेलं पंधरा दिस रोज दाढी कराय लागल्यात."

"काय करायला लागलेत?"

"दाढी. आधी महिन्यातनं दोनदा करायचे, ती बी वस्तीवरच. आता रोज एकाला सायकल काढत्यात आन् गावात सलूनमधी. दोन किलोमीटर, ह्या उन्हात. मी आत्ता गिरणीत आलेय न्हवं, समोरच हाय दुकान, दिसत्यात मला. गालाला साबण लावून घेतलाय आन् डोळं मिटून बसल्यात. रेडू लावलाय तिथं, तुमचंच चाललंय. भरलंय दुकान माणसांनी. सलूनचा बाळासाब म्हणतो, दोन वाजल्याबगर म्हातारा उठत न्हाई, गालावर काय बी उरलं न्हाई, आता काय कातडं सोलू?"

जयमालानं तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

सलूनमधला तो ठिपका पंधरा दिवस माझ्या पडद्यावर होता. अकराशे नव्वदांतला एक, तळेगुंडीच्या बाजारपेठेत. यंत्राला संच दिसतो. त्यापुढे कोण, किती जण, कशाचं निमित्त करून बसलेत, ते त्याला दिसत नाही. त्या यंत्राबद्दल मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

"वन्सं, ऐकताय न्हवं?" वहिनींचा आवाज खाली आला. "मी जाऊन फोन देऊ का त्येंच्याजवळ? आज बोलतील असं वाटतंय मला. चोवीस वर्सं झाली, आता पुरं की. देऊ?"

गाण्याचं शेवटचं कडवं चालू होतं. जयमाला फोनकडे बघत होती. मला वाटलं, ती हो म्हणणार. मी तिच्या जागी असतो तर केव्हाच हो म्हणालो असतो.

"नको, वहिनी," ती म्हणाली. "जाऊ नकोस तिकडं. दाढी होऊ दे त्यांची."

मी फोन उचलला, बाहेर आलो आणि माईक चालू असल्याचा लाल दिवा लावला.